बिल्ड चालू असताना काय करायचं?

प्रश्न : ताई, प्रोग्रॅमर म्हणून नोकरीला लागून मला दोन वर्षं झाली. आमचा प्रकल्प सी-प्लस-प्लसमधला आहे, एका बिल्डला, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार व्हायला, बारा-तेरा मिनिटं लागतात. तेवढ्यात हात आपोआप मोबाइलकडे जातो आणि परत बघते तेव्हा आपण काय तपासत होतो तेच आठवत नाही. फार अपराधी वाटतं. तुम्ही या वेळाचं काय करता?

उत्तर : अपराधी वाटून घेऊ नका. सरकत्या ओळींकडे बारा मिनिटं टक लावून बसणं कुणालाच जमत नाही. धागा तुटतो हे मात्र खरं नुकसान आहे, आणि ते मीही बरीच वर्षं सोसलंय.

माझा उपाय म्हणजे एक वही. बिल्ड लावण्याआधी मी तिच्यात दोन ओळी लिहिते : काय बदललं आणि आता काय दिसायला हवं. एकदा ‘यादीतला शेवटचा घटक आता गळणार नाही’ असं लिहितानाच लक्षात आलं, की लूपची (तीच कृती पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडची) अट मी एकीकडे सुधारली होती, पण खालच्या फंक्शनमध्ये तसंच दुसरं लूप राहून गेलं होतं. बिल्ड तिथेच थांबवला. तेव्हापासून वही सुटली नाही. मोबाइल बघितलात तरी परत आल्यावर त्या दोन ओळी तुमची जागा धरून असतात.

उरलेल्या वेळात मी स्वतःचाच डिफ, म्हणजे कोडमध्ये काय काय बदललं त्याची नोंद, वाचते, दुसऱ्या कुणी लिहिलाय असं समजून. त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या कामाला मात्र हात घालू नका. मी घातला होता. काही फायली जुन्या, काही नव्या अशा कंपाइल झाल्या, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरल्या, आणि अख्खी दुपार मुळात नसलेला बग शोधण्यात गेली. बिल्ड संपला की आवाज होईल अशी सोयही करून ठेवा, कारण एखादा सेमीकोलन राहिला तर तो दुसऱ्याच मिनिटाला थांबलेला असतो.

पण मला जास्त कळकळीनं सांगायचंय ते वेगळंच. ही बारा मिनिटं लागतात कशाला, ते शोधा. १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे बिल्डचं साधन लिहिलं, तेव्हापासून फक्त बदललेल्या फायली आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या फायलीच पुन्हा कंपाइल करता येतात. तरी वेळ लागतो, कारण एखादी हेडर फाइल (अनेक फायलींना लागणाऱ्या घोषणांची सामायिक फाइल) शेकडो फायलींमध्ये ओढलेली असते. तिच्यातली एक ओळ बदलली की त्या सगळ्या पुन्हा कंपाइल होतात. जिथे क्लासचा नुसता पॉइंटर किंवा रेफरन्स (त्याच्याकडे नुसतं बोट दाखवणं) हवा असतो, तिथे हेडर न ओढता बहुतेक वेळा क्लासचं नुसतं नाव जाहीर केलं तरी भागतं. आधी कंपाइल झालेलं जपून ठेवून पुन्हा वापरणारं ‘सीकॅश’सारखं साधनही लावून बघा.

२००७ साली गूगलमध्ये एक मोठा सी-प्लस-प्लस बिल्ड चालू असताना रॉब पाईक, रॉबर्ट ग्रीझमर आणि केन थॉम्पसन यांच्यात नव्या भाषेची चर्चा सुरू झाली. पाईक यांनीच हे सांगितलंय. ती भाषा म्हणजे ‘गो’. न वापरलेलं पॅकेज (तयार कोडचा गठ्ठा) इंपोर्ट केलं तर तिचा कंपायलर एरर देतो, तो याचसाठी : नको ते ओढून आणलं की बिल्ड मंदावतो.

तेव्हा उद्याच्या पहिल्या बिल्डला कुठल्या फायलीला किती वेळ लागतो ते नोंदवा आणि ती यादी टीमच्या प्रमुखांना दाखवा. तुमच्यासारखेच बाकीचेही रोज ताटकळत असणार.