नवऱ्याचं माहेर एर्लांगनला

प्रश्न: माझ्या नवऱ्याचं बालपण जर्मनीत, एर्लांगनला गेलं. सासरे तिथे नोकरीला होते. हा चौदा वर्षांचा असताना सगळे पुण्याला परतले. आता आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलं आठ आणि बारा वर्षांची. नाताळच्या सुट्टीत, 23 ते 28 डिसेंबर, त्याला तिथे जायचंय. मी म्हटलं, एवढं जातोच आहोत तर पॅरिसही करू. तेव्हापासून तो गप्प आहे.

उत्तर: पॅरिस राहू द्या. तुम्ही सहलीला निघालाय, ते माहेरी निघालेत. तेही अशा माहेरी, जिथे दार उघडायला कोणी नाही. ज्यांचं माहेरचं घर बिल्डरकडे गेलंय त्यांना विचारा, हा गप्पपणा त्या बरोबर ओळखतील.

तारखा मात्र बदलायला लावा. 24 तारखेला दुपारपर्यंत दुकानं बंद होतात, शेजारच्या न्यूरेंबर्ग शहराचा प्रसिद्ध नाताळ बाजारही त्याच दिवशी आवरतो. 25 आणि 26 दोन्ही दिवस सुट्टी. म्हणजे 23 ला पेंगुळलेल्या मुलांना घेऊन उतरणार आणि पुढे बंद शटर बघत फिरणार. 17-18 लाच पोहोचा. मुलांची चार दिवस शाळा बुडाली तर काही बिघडत नाही (हे त्यांच्यासमोर वाचू नका). तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर शेंगेन व्हिसाचं आत्ताच बघा. नवऱ्याचं बालपण तिथे गेलं, याची दखल व्हिसा देणारे घेत नाहीत.

न्यूरेंबर्ग एर्लांगनहून जेमतेम 20 किलोमीटर, लोकल गाडीने जा. सव्वाचारच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यानंतरच बाजारात शिरा. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छपराखाली सुकवलेल्या आलुबुखाराच्या बाहुल्या मिळतात. अंग काळं सुरकुतलेलं, डोकं अक्रोडाचं. धाकट्याला एक घेऊन द्या. पावात तीन-तीन घालून देतात ते बोटभर सॉसेज डुकराच्या मांसाचे असतात, चालत नसतील तर आधीच सांगून ठेवा. गरम वाइनच्या कपासाठी अनामत घेतात. कप परत केला की पैसे परत, किंवा कप घरी. मुलांसाठी बिनदारूचं गरम सरबत असतं. आणि तिकडे बऱ्याच घरांत भेटी सांता आणत नाही, क्रिस्टकिंड म्हणजे बाळ ख्रिस्त आणतं, 24 च्या संध्याकाळीच. मुलांना ही गोष्ट बाबांकडूनच ऐकू द्या.

जुने शेजारी, वर्गमित्र यांच्याकडे आपल्यासारखं ‘सहज आलो होतो’ म्हणून टपकू नका. महिनाभर आधी नवऱ्याला हाताने पत्र लिहायला सांगा. बोलावणं बहुधा दुपारच्या कॉफी-केकचं येईल. साडेतीन म्हणजे साडेतीन. नेताना चिवडा, चकल्या न्या. पेढे-बर्फी नको, युरोपीय संघाबाहेरून येताना सामानात दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

एक अवघड गोष्ट. शेजारची आजी गेली असेल आणि तिच्या कबरीवर मेणबत्ती लावायची त्यांची इच्छा असेल, तर आधी चौकशी करा. तिथे कबरीची जागा ठरावीक वर्षांसाठीच असते. मुदत कोणी वाढवली नाही तर जागा मोकळी करतात. तिथे जाऊन नुसती हिरवळ दिसली तर फार लागतं.

राहिलं जुनं घर. तिथे बेलवर फ्लॅटचा नंबर नसतो, आडनाव असतं. ते त्या पाट्यांपुढे उभे राहतील आणि आपलं आडनाव जिथे होतं तिथे दुसरंच वाचतील. त्या वेळी फोटो काढू नका, ‘चला, थंडी आहे’ म्हणू नका. खरं तर त्या सकाळी तुम्ही तिथे नसलेल्याच बऱ्या. मुलांना घेऊन बेकरीत बसा. त्यांना यायला दीड तास लागला तरी फोन करू नका.