एकच लॅपटॉप, पस्तीस पोरं

प्रश्न : सर, मी जिल्हा परिषद शाळेत सातवीला गणित शिकवते. खेळातून कोडिंग शिकवा म्हणतात, पण लॅपटॉप एकच आणि नेटचा भरवसा नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, नेटचं टेन्शन सोडा, स्क्रॅच म्हणजे ठोकळे जोडून कोडिंग करायचं सॉफ्टवेअर, ते एकदा डाउनलोड करून घेतलं की ऑफलाइन चालतं, आणि फुकट आहे. त्यात रेघ ओढणारं पेन एक्स्टेंशन जोडा आणि पडद्यावरच्या मांजराला त्रिकोण काढायला सांगा. पोरं हमखास ६० अंश वळ असं लिहितात, कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० हे पाठ असतं, आणि मांजर भलतीकडेच निघून जातं, आकृती उघडीच राहते. लगेच उत्तर सांगू नका हं! एकाला वर्गात फरशीवर चालायला लावा, कोपऱ्यावर तो नेमका किती वळतो ते बाकीच्यांना बघू दे, मग १२० कुठून आले ते पोरंच बोलतात, बाह्यकोन तिथेच कळतो. पुढे षटकोनाला ६०, म्हणजे ३६० भागिले बाजू, हेही तीच शोधतात.

लॅपटॉप नसेल त्या दिवशी १ ते १०० मधला आकडा ओळखायचा खेळ घ्या, फक्त हो-नाही प्रश्न. दरवेळी मधोमध तोडलं तर जास्तीत जास्त सात प्रश्नांत सापडतोच, कारण २ चा सातवा घात १२८, म्हणजे १०० पेक्षा जास्त. हीच कोडिंगमधली बायनरी सर्च, म्हणजे दरवेळी निम्मं करत शोधणं.

पाढ्यांचे पॉइंट देणारे ॲप मला फारसे पटत नाहीत, सरावाला ठीक, पण त्यात पोरगं अंदाजाने टॅप करत सुटतं.