परिणामांचे मोजमाप सुरू करताना

मुलांच्या संरक्षणासाठी कुटुंबांना दिलेल्या सेवेचा परिणाम मोजायला आपण तयार केलेल्या निर्देशकांच्या, म्हणजे बदल दाखवणाऱ्या खुणांच्या, लांबलचक यादीमागची तळमळ जाणवते. तरीही पहिल्या वर्षी त्यातले तीन-चारच निर्देशक ठेवावेत, असा माझा आग्रह आहे.

केलेल्या कामालाच परिणाम समजणे ही सुरुवातीची सर्वांत मोठी चूक. ४० गृहभेटी झाल्या, ही कामाची नोंद झाली. मूल नियमित शाळेत जाऊ लागले का, घरातली मारहाण थांबली का, हा परिणाम. पहिली नोंद सेवा सुरू होतानाच घ्यावी, कारण सहा महिन्यांनी आठवणीवरून लिहिलेली आधीची स्थिती भरवशाची नसते. प्रश्नावलीही शक्यतो पारखलेलीच वापरावी. रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये मांडलेली मुलांच्या बलस्थानांची व अडचणींची प्रश्नावली अवघ्या २५ विधानांची आहे.

एकदा एका आईने माझ्यासमोर बसून प्रश्नावली भरली. प्रत्येक खूण करण्याआधी ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती आणि सगळीकडे ‘काही अडचण नाही’ असेच नोंदवत होती. मूल आपल्यापासून काढून घेतील, ही भीती तिच्या उत्तरांत उतरली होती. म्हणून उत्तरांचा वापर कशासाठी होणार, हे आधी स्पष्ट सांगावे आणि शक्य असल्यास, त्या कुटुंबाबाबत निर्णय घेणाऱ्या कार्यकर्त्याने प्रश्नावली भरून घेऊ नये.

मध्येच सेवा सोडून गेलेली कुटुंबे हिशेबातून वगळू नका. मुलांच्या सुरक्षिततेबाबत त्याच कुटुंबांविषयी पुन्हा आलेल्या तक्रारींचा आकडा वाढला, तर लगेच अपयश मानू नये. भेटी वाढल्यावर पूर्वी झाकलेले धोकेही नजरेस पडतात. तुलनागट (सेवा न मिळालेल्या कुटुंबांचा, तुलनेसाठी घेतलेला गट) आणि सांख्यिकी चाचण्यांचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.