मेघालयात नवरा बायकोच्या घरी राहायला जातो आणि घर धाकट्या मुलीला मिळतं, हे खरं आहे का? तिथल्या बायका आपल्यापेक्षा सुखी असतात का?

नवऱ्याची आणि घराची, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त आपल्यापर्यंत त्या अर्ध्याच पोचतात. नोकरीमुळे आम्ही शिलाँगला बरीच वर्षं राहिलो, तेही एका खासी कुटुंबाच्या घरात भाड्याने. त्यामुळे मी लिहिते आहे ते मुख्यतः खासी लोकांबद्दल. मेघालयातल्या बाकी दोन मोठ्या जमातींपैकी जैंतिया हे त्यांचेच भाऊबंद. गारो लोकांची भाषा वेगळी, रीती वेगळ्या. पण तिघांतही वंश आईकडूनच चालतो.

म्हणजे काय, तर मूल आईच्या कुळाचं नाव लावतं. कुळाला ते ‘कूर’ म्हणतात. एका कुरातली मुलं-मुली एकमेकांची भावंडं, त्यांचं लग्न होऊ शकत नाही. आपल्याकडे सगोत्र लग्नाला घरचे फार तर नाक मुरडतील, तिथे ते महापाप, कुळातून बाहेर काढण्याइतकं. शिलाँगमध्ये दोन अनोळखी माणसं भेटली की आधी कूर विचारतात, त्याचं कारण हेच. कोण आपलं आणि कोणाशी सोयरीक जुळू शकते, हे त्या एका नावावरून कळतं.

आता नवऱ्याबद्दल. प्रत्येक खासी नवरा कायमचा सासुरवाडीला राहायला जातो असं नाही. बायको घरातली सगळ्यात धाकटी मुलगी असेल तर तो जातो, कारण तिला आईचं घर सोडता येत नाही. थोरल्या बहिणी एखाददुसरं मूल झालं की वेगळं बिऱ्हाड करतात, शिलाँगमध्ये तर पुष्कळ जोडपी पहिल्या दिवसापासूनच वेगळी राहतात. पूर्वी जैंतिया भागात याहून वेगळी रीत होती. नवरा फक्त रात्री बायकोकडे यायचा, दिवसभराचं काम आणि जेवण आपल्या आईच्या किंवा बहिणीच्या घरी.

धाकट्या मुलीला ‘का खाद्दूह’ म्हणतात. वडिलोपार्जित घर तिच्याकडे जातं, थोरल्या मुलींना ऐपतीप्रमाणे काही मिळतं, मुलग्यांना त्यात वाटा नसतो. आपण इथे थांबतो आणि म्हणतो, वा, काय भाग्यवान पोर! पण या घराबरोबर तिच्याकडे काय काय येतं ते बघा. आईवडिलांचं म्हातारपण तिच्याकडे. लग्न न झालेला भाऊ तिच्याकडे. संसार मोडून परत आलेला भाऊही तिच्याकडे. बहीण वारली तर तिची पोरं तिच्याकडे. जुना धर्म पाळणाऱ्या घरात कुळाचे विधीही तिच्याच चुलीशी होतात. आणि घर विकायचं म्हटलं तर मामांच्या आणि भावंडांच्या संमतीशिवाय तिला पाऊल उचलता येत नाही.

आमच्या घरमालकीणबाई अशाच खाद्दूह होत्या. आम्ही त्यांना कोंग म्हणायचो, तिकडे वयाने मोठ्या बाईला असंच म्हणतात. घर जुनं, आसामी पद्धतीचं, उतरत्या पत्र्याचं. एकदा कोणी बिल्डर मागे लागला, पाडून इमारत बांधतो म्हणून. कोंगच्या मनात होतं, कारण दर पावसाळ्यात डागडुजीचा खर्च तिच्या अंगावर यायचा. तिने सगळ्यांना बोलावलं. सोहराहून (म्हणजे चेरापुंजीहून) तिचे मामा आले, दोन भाऊ आले, बहिणी आल्या. तिने चहा दिला, क्वाय फिरवलं (सुपारी, पान आणि चुना, त्याशिवाय खासी घरात बोलणं सुरूच होत नाही) आणि ती दाराजवळ वेताच्या मुढ्यावर बसली. बहुतेक वेळ मामाच बोलले. भावांनी मत दिलं. संध्याकाळपर्यंत ठरलं की घर विकायचं नाही, पत्रे बदलायचे, आणि पैसे सगळ्यांनी मिळून घालायचे.

तिचा नवरा त्या बैठकीत नव्हता. ज्या घरात तो इतकी वर्षं राहिला, ज्याच्या दुरुस्तीत त्याचा पगार मुरला, त्याच्या निर्णयाच्या वेळी तो बाहेर व्हरांड्यात माझ्या यजमानांशी फुटबॉलच्या गप्पा मारत होता. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं. पण पुढे कळलं की त्याच्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा तो तिकडे गेला आणि तिथे त्याच्या शब्दाशिवाय कोणी पुढे सरकलं नाही. कारण त्या घरात तो मामा होता.

हे ध्यानात आल्याशिवाय तिथलं कुटुंब कळत नाही. खासी पुरुषाला दोन घरं असतात. बायकोच्या घरात तो बाप, कष्ट उपसणारा, पोरांवर माया करणारा. बहिणीच्या घरात तो ‘क्नी’, म्हणजे मामा, ज्याचा शब्द चालतो. तेव्हा मालमत्तेचा कागद बाईकडे आणि कारभार पुरुषाकडे, असं जे बाहेरच्याला दिसतं, ते खरंच आहे. फक्त तो पुरुष नवरा नसून भाऊ किंवा मामा असतो.

जुन्या खासी धर्मात ही विभागणी मरणापर्यंत जाते. दहनानंतर अस्थी कुळाच्या दगडी कोठडीत ठेवतात, तिला ‘माऊबाह’ म्हणतात. बाईच्या अस्थी तिच्या आईच्या कुळात, नवऱ्याच्या त्याच्या आईच्या कुळात. जन्मभर एकत्र संसार केलेली माणसं शेवटी आपापल्या आईकडे परत जातात. आज मेघालयात २०११च्या जनगणनेप्रमाणे चारात तीन माणसं ख्रिस्ती आहेत, त्यामुळे हे बऱ्याच ठिकाणी बंद झालं. पण ख्रिस्ती होऊनही नाव आईचंच राहिलं आणि घर धाकटीकडेच राहिलं. १८४१मध्ये वेल्श मिशनरी आले, त्यांनी देव बदलला, पण कूर त्यांनाही बदलता आला नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सुखाचा. आधी वाईट बाजू सांगते, कारण आपल्याकडच्या लेखांत ती फारशी येत नाही. सत्तेच्या जागी तिथली बाई जवळजवळ नाहीच. गावाच्या किंवा मोहल्ल्याच्या पंचायतीला ‘दोरबार श्नोंग’ म्हणतात, आणि परंपरेने तिथे बाईला बसायला जागा नव्हती. आता काही ठिकाणी बायका येतात, बोलतात, पण प्रमुख बहुतेक पुरुषच. कोंबडी आरवू लागली की जग बुडालं समजा, अशा अर्थाची एक खासी म्हण आहे, ती बाईने सभेत तोंड उघडण्याबद्दलच वापरली जाते. २०२३च्या निवडणुकीत मेघालयच्या ६० जणांच्या विधानसभेत ३ बायका निवडून आल्या. जिथे आडनाव बाईचं आणि घर बाईचं, तिथे ६० मध्ये ३!

दुसरं दुःख टाकलेल्या आयांचं. नवरा सोडून गेला तर मुलं आईचीच, यात वाद नाही. पण त्याचाच फायदा घेऊन तो हात झटकू शकतो. पूर्वी पाच कवड्यांची देवघेव करून चारचौघांत काडीमोड व्हायचा, आता अनेकदा तेवढंही होत नाही, माणूस दुसरीकडे राहायला लागतो एवढंच. आई खाद्दूह असेल, तिच्यामागे घर असेल, तर ती तरून जाते. पण जिच्या आईकडेच जमीन नाही, तिला वारसा मिळून मिळणार काय? शिलाँगच्या इयूदूह बाजारात पहाटेपासून भाजी, मासळी, पानं विकणाऱ्या बायका दिसतात. त्यांच्या व्यापाराचं कौतुक सगळे करतात आणि ते रास्तच आहे. त्यातल्या कितीजणी एकटीच्या कमाईवर पोरं वाढवत आहेत, हेही बघायला हवं.

पुरुषांचीही तक्रार आहे, आणि मला ती पोकळ वाटत नाही. १९९०मध्ये सिंगखोंग रिंपेई थिम्माई नावाची पुरुषांची संघटना निघाली. त्यांचं म्हणणं, वारसा मुलगे-मुली सगळ्यांत वाटा आणि मुलांना बापाचं नाव लावा. तारण ठेवायला काही नसलेल्या माणसाला बँक कर्ज देत नाही, आणि आईच्या घरात हक्क नाही, बायकोच्या घरात शब्द नाही, अशा माणसाची उमेद राहत नाही, असं ते सांगतात. घरात मामाचा अधिकार जसा सैल होत गेला तसं हे जास्त बोचू लागलं असणार. पूर्वी बायकोच्या घरी गप्प बसणारा माणूस बहिणीच्या घरी कर्ता असायचा, आता छोट्या कुटुंबात तो फक्त गप्प बसणाराच उरतो. १९८४च्या कायद्याने खासी आणि जैंतिया माणसाला निदान स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने हवी त्याला देता येते, ही त्यातली एक वाट. पण मुलांना बापाचं नाव लावा ही मागणी मात्र मला पटत नाही. वाटा मागा, जरूर मागा, त्यासाठी आईचं नाव कशाला पुसायचं?

नाव पुसण्याची भीती उगाच नाही. २०१८मध्ये खासी हिल्स स्वायत्त जिल्हा परिषदेने एक विधेयक मंजूर केलं. खासी बाईने बिगरखासी माणसाशी लग्न केलं तर ती आणि तिची मुलं खासी म्हणून गणली जाणार नाहीत, असं त्यात होतं. बाहेरचे लोक लग्न करून जमिनी घेतील ही भीती तिथे खोलवर आहे, तीही मी समजू शकते. पण शिक्षा कोणाला, तर बाईला. तिथल्या बायका त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. मला तर जास्त खटकलं ते हे की याच समाजाने शतकानुशतकं उलट करून दाखवलंय. खासी पुरुषाने बाहेरची बायको आणली की तिच्या मुलांना कूर नसायचा, म्हणून विधी करून तिच्यापासून नवा कूर सुरू करायचे. त्याला ‘तांग जाईत’ म्हणतात. ‘खार’ने सुरू होणारी कितीतरी खासी आडनावं अशीच परक्या मुलुखातल्या एखाद्या बाईपासून निघालेली आहेत. परक्या बाईला कुळाची मूळमाता करणारी माणसं आपल्याच लेकीला बाहेर काढायला निघाली, याचं फार वाईट वाटतं.

मग चांगलं काय? चांगलं खूप आहे, आणि ते इतकं साधं आहे की आपल्या बायकांनाच त्याची किंमत कळेल. मुलगी झाली म्हणून तिथे कोणाचा चेहरा पडत नाही, उलट मुलगी नसेल तर कुळ बुडालं म्हणतात आणि नात्यातली मुलगी दत्तक घेतात. हुंडा नाही. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मेघालयात ९७० मुली होत्या. महाराष्ट्रात ८९४, आणि आपल्या बीड जिल्ह्यात ८०७. या आकड्यांपुढे मला दुसरा पुरावा लागत नाही.

अभ्यासकांनी दुसऱ्या बाजूनेही तपासलं आहे. उरी नीझी, केनेथ लेनर्ड आणि जॉन लिस्ट यांनी २००९मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, टांझानियातले पुरुषप्रधान मसाई आणि मेघालयातले खासी यांच्यावर. खेळ अगदी साधा, चेंडू बादलीत टाकायचा. दर नेमामागे ठरलेले पैसे घ्या, नाहीतर समोरच्याशी स्पर्धा लावा आणि जिंकलात तर तिप्पट घ्या. मसाईंत स्पर्धा निवडणारे पुरुष बायकांच्या जवळजवळ दुप्पट निघाले. खासींत मात्र बायकाच पुढे, निम्म्याहून जास्त जणींनी स्पर्धा निवडली. बाई मुळातच बुजरी असते असं म्हणणाऱ्यांना मी हा प्रयोग नेहमी सांगते.

आपल्याकडे असं का होत नाही, असंही तुम्ही प्रश्नाच्या खाली विचारलं आहे. कायद्याने झालंय की. महाराष्ट्राने १९९४मध्येच हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला, देशभर तो २००५मध्ये आला. पण वडील गेले की तेराव्याच्या आगेमागे हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो, आणि बहीण सही करते. माहेर तुटू नये म्हणून करते. भाऊबीजेला दार उघडं राहावं म्हणून करते. खासी बाईला ही भीती नाही, कारण तिला माहेर आणि सासर असे दोन भाग करावेच लागत नाहीत. आणि आपल्याकडे एखादा जावई बायकोच्या आईवडिलांजवळ राहिला तर ‘घरजावई’ म्हणून त्याला जन्मभर टोचतात. एकुलत्या एक मुली असलेल्या घरांत आज हा प्रश्न रोजचा झालाय. म्हाताऱ्यांना बघायचं कोणी? या बाबतीत खासींकडून शिकायला मिळतं ते हे, की जावयाने सासूच्या घरी राहणं यात कमीपणा मानायचं काही कारण नाही, हजारो माणसं पिढ्यान्‌पिढ्या तशी राहत आली आहेत.

तेव्हा सुखी कोण, याचं मला पटलेलं उत्तर असं. गावाच्या कारभारात शब्द हवा असेल तर मेघालयातली बाईही आपल्यासारखीच दाराबाहेर आहे. पण नवरा गेला, संसार मोडला, म्हातारपण आलं, तर ‘आता जाऊ कुठे’ हा प्रश्न तिला आपल्या बाईइतका पडत नाही. हा फरक लहान नाही. माझ्या ओळखीत कितीजणी केवळ या एका प्रश्नापायी मार खात राहिल्या.

शिलाँगच्या धाकट्या मुलीही आता बंगळूरला, दिल्लीला शिकायला जातात आणि तिकडेच नोकरी धरतात. कोंगची धाकटी लेकसुद्धा गेली. खाद्दूहला जमणार नसेल तर तिच्यावरच्या बहिणीने जबाबदारी घ्यायची अशी सोय रूढीत आहेच. कोंगकडेही मामांना पुन्हा बोलावून तसंच ठरलं. मधली मुलगी नवऱ्याला आणि दोन मुलांना घेऊन आईकडे राहायला आली आणि नव्या पत्र्यांचे राहिलेले पैसे तिने भरले.