माला-डी ही गर्भनिरोधक गोळी गर्भ मारते का? आणि शेवटच्या तपकिरी गोळ्या नाही घेतल्या तर चालतं का?

मी औषधाच्या दुकानात बसते. हे दोन्ही प्रश्न बायका काउंटरवर इतक्या हळू विचारतात की दोनदा ऐकावं लागतं.

‘गोळी गर्भ मारते’ असं तुमच्या सासूबाई म्हणत असतील, तर त्यांचा समज चुकीचा आहे. गोळी गर्भ मारत नाही, बीजच सुटू देत नाही. एरवी मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या इशाऱ्याने दर महिन्याला बीजकोशात एक बीज पिकतं. पांढऱ्या गोळीतून लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि एथिनिल इस्ट्रॅडिऑल ही दोन हार्मोन्स रोज मिळत राहिली, की पिट्युटरी तो इशारा देतच नाही. शिवाय गर्भपिशवीच्या तोंडाशी असलेला चिकट स्राव घट्ट होतो आणि शुक्राणूंना वर जाता येत नाही.

पाकिटात २८ गोळ्या, त्यातल्या २१ पांढऱ्या. उरलेल्या ७ तपकिरी गोळ्यांत फक्त लोह. त्या दिवसांत हार्मोन नसतं म्हणून तर अंगावरून जातं. त्या नाही घेतल्या तर दिवस राहत नाहीत, पण रोजची सवय मोडते आणि खरी गडबड तिथेच होते. सात दिवसांच्या सुट्टीत बीजकोश हळूहळू जागा व्हायला लागलेला असतो. नवं पाकीट दोन-तीन दिवस उशिरा उघडलं की त्याला आयती संधी मिळते. ‘अजून जातंय, थांबल्यावर सुरू करते’ असं म्हणणाऱ्या कितीतरी जणी भेटतात. थांबायचं नाही. जात असलं तरी आठव्या दिवशी नवं पाकीट.

एखादी पांढरी राहिली तर आठवताक्षणी घ्या, एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं. सलग दोन किंवा जास्त राहिल्या तर गोळ्या चालू ठेवून पुढचे सात दिवस निरोध वापरा. त्या पांढऱ्यांच्या शेवटच्या आठवड्यात राहिल्या असतील, तर तपकिरी सोडून थेट नवं पाकीट.

बीपी, पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गाठ होऊन गेलेली, डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी, पस्तिशीनंतर सिगारेट-बिडी, यातलं काही असेल तर ही गोळी नको. टीबीच्या रिफाम्पिसिनने तिचा असर कमी होतो, तेव्हा डॉक्टरांना आधी सांगा. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पीत असेल, तर आशाताईंकडे ‘छाया’ मागा. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध-संशोधन संस्थेने शोधलेली ही बिनहार्मोनची गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच घ्यायची असते.