पहिलीतल्या मुलाला इंग्रजीतलं 'ए' आणि 'ॲन' कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलाला ए-ई-आय-ओ-यू तोंडपाठ आहे, तरी तो 'ॲन युनिफॉर्म' आणि 'ए अवर' लिहून येतो. चूक त्याची नाही, त्याला नियमच चुकीचा शिकवलाय. स्पेलिंग बाजूला ठेवा आणि शब्द देवनागरीत लिहायला सांगा. सुरुवातीला स्वर आला तर ॲन, व्यंजन आलं तर ए. अंब्रेलाला अ, म्हणून ॲन. युनिफॉर्मला य, म्हणून ए. अवरला अ, म्हणून ॲन. एमबीबीएस डॉक्टरला ए, म्हणून ॲन.

माझ्या मुलीला दुसरीत असताना मी हेच शिकवलं होतं. ती इंग्रजी माध्यमात, मी मराठी शाळेतली, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. चाचणीत 'आय वेअर डॅश युनिफॉर्म' अशी गाळलेली जागा होती. तिने 'ए' लिहिलं. त्यावर लाल फुली, आणि 'ॲन युनिफॉर्म' दहा वेळा लिहून आणायची शिक्षा. मी शाळेत गेले. बाई म्हणाल्या, "यू व्हॉवेल आहे ना? मराठीचं लॉजिक इंग्लिशला लावू नका." सगळं इंग्रजीतून चाललेलं, शेजारी दोन पालक उभे. मला उत्तर येत होतं, पण इंग्रजीतून मांडता येईना. तशीच परत आले. पोरीने रडत रडत दहा वेळा चुकीचं लिहिलं आणि मी ते लिहू दिलं. हे मला अजून टोचतं.

संध्याकाळी नणंद म्हणाली, "वहिनी, म्हणून सांगत होते, घरात मराठी बोलू नका तिच्याशी."

वन्संना तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर इथे देते. पोरीचं उत्तर बरोबर आलं ते मराठीमुळेच. स्वर कुठला आणि व्यंजन कुठलं हे आपली वर्णमालाच वेगळं काढून दाखवते. इंग्रजीत एकच 'यू' कधी अ होतो, कधी यू. आणि खुद्द इंग्रजांनीही हे कानानेच ठरवलं. मूळ शब्द ॲन, त्याचा अर्थ 'एक'. पुढे व्यंजन आलं की त्यातला न गळायला लागला. एप्रन हा शब्द आधी नेप्रन होता. 'ए नेप्रन' लोकांना 'ॲन एप्रन' ऐकू आलं आणि तेच रूढ झालं. तेव्हा कोणी सांगितलं तरी घरातलं मराठी बंद करू नका. राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तिथल्या बाईंनी तरी हे फळ्यावर देवनागरीत लिहून दाखवावं.

एक मात्र सांगायला हवं. आपण 'यिअर'ला सर्रास 'इयर' म्हणतो, त्यामुळे तिथे ही युक्ती फसते. तो शब्द 'ए यिअर' असा म्हणवूनच पाठ करून घ्या. 'अवर'सुद्धा मूल 'हवर' वाचत असेल तर आधी उच्चार सुधारा.

आणि मुळात 'ए' किंवा 'ॲन' कधी लावायचा, ते गोष्टीतून शिकवा. 'एका गावात एक म्हातारी राहत होती' यातला 'एक' म्हणजे ए किंवा ॲन. पुढच्या वाक्यात 'ती म्हातारी' झाली की द. पाणी, दूध, भात यांना ए लागत नाही. 'मला पेन दे' यात मराठीला एक लागत नाही, इंग्रजीला ए लागतो. तिथे मुलं वर्ष-दोन वर्षं चुकतात, चुकू द्या.