आईच्या खांद्याजवळ दंडाचं हाड मोडलंय, वय 71, डॉक्टर प्लेट टाकू म्हणतात. टाकावी का, आणि हात पहिल्यासारखा वर जाईल का?

"प्लेट टाकली की विषय संपला" असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगणारच, आमच्याकडे ते काम थोरल्या दिरांनी केलं. सासूबाई बाथरूमच्या दारात हातावर पडल्या, एक्सरेत दंडाच्या हाडाचा वरचा, खांद्याच्या वाटीत बसणारा गोळा कलंडलेला आणि त्याच्या कडेचा, स्नायू जिथे चिकटतात तो उंचवटा सुटलेला. पहिले डॉक्टर म्हणाले ऑपरेशन न करता हात गळ्यातल्या झोळीत ठेवून बघू, माझंही तेच मत होतं. पण दिरांना झोळी म्हणजे हयगय वाटली, एवढं मोडलंय आणि नुसतं बांधून ठेवायचं? मग दुसरा सर्जन, लॉकिंग प्लेट, ऑपरेशन मस्त, दुसऱ्या दिवशीचा एक्सरे तर फ्रेम करून लावावा असा.

काही आठवड्यांनी हात बाहेर वळवला की आत करकर. "काहीतरी खरवडतंय गं आत," सासूबाई म्हणायच्या. दिरांचं निदान, हिने व्यायाम जास्त करवून घेतले. जाऊबाईंचं निदान, हिने करवूनच घेतले नाहीत. दोन्ही एकाच फोनवर! नवीन एक्सरे काढला तर स्क्रूचं टोक गोळ्यातून बाहेर येऊन खांद्याच्या वाटीला घासत होतं. पुन्हा भूल, पुन्हा टाके, स्क्रू काढला.

आता हे नीट वाचा कारण आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं. लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूचं डोकं प्लेटच्याच आट्यांत घट्ट बसतं म्हणून तो सैल होऊन मागे सरकत नाही, हा तिचा गुण. पण म्हातारपणी गोळा आतून भुसभुशीत असतो, तो हळूहळू आतल्या बाजूला कलंडून खाली बसतो आणि स्क्रू मात्र जागचा हलत नाही, मग टोक आरपार येणारच. मोडीच्या आतल्या बाजूला हाडाचा चुरा झाला असेल आणि तिथे खालून तिरपा आधाराचा स्क्रू नसेल तर हा धोका जास्त. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो मरत गेला तरी तेच. यात सून कुठे आली मला सांगा. स्क्रू काढणारे सर्जनही हाडच पोचट होतं म्हणाले, दीर तेव्हा नेमके पार्किंगमध्ये होते.

तर टाकावी का? माझं मत, सत्तरीनंतर साध्या दोन-तीन तुकड्यांच्या मोडीला आधी झोळीच. 2015 मध्ये ब्रिटनमधला प्रॉफर नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, 250 पेशंट, निम्म्यांना ऑपरेशन, निम्म्यांना झोळी, दोन वर्षांनी हात किती चालतो यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. दिरांना पाठवलाय, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

हात पूर्ण वर जाईल का, तर या वयात दोन्ही मार्गांनी थोडी कसर राहते असं धरून चाला. सासूबाई कंगव्यापर्यंत डोकं खाली आणतात, वेणी मी घालते, चष्मा त्यांचा त्या लावतात.

हो, हे सगळ्यांना लागू नाही. तरुण माणूस, गोळा वाटीतून निखळलेला, गोळाच दुभंगलेला, हाड कातडीबाहेर, मनगटाची नाडी लागत नाही, अशांची गोष्ट वेगळी, त्या अभ्यासातही ज्यांना ऑपरेशन उघडच हवं होतं असे पेशंट घेतले नव्हते. आणि फारच तुकडे असतील तर म्हाताऱ्या माणसात प्लेटऐवजी उलटा सांधाही बसवतात, म्हणजे गोळ्याच्या जागी वाटी आणि वाटीच्या जागी गोळा, तेही विचारा. नुसत्या एक्सरेवर ठरत नसेल तर सीटी करून घ्या. तुकडे 1 सेंमीपेक्षा जास्त सरकलेत का, 45 अंशांपेक्षा जास्त वळलेत का (नीर नावाच्या सर्जननी 1970 मध्ये घालून दिलेली मापं, अजून वापरतात), आतल्या बाजूला आधार आहे का, हे सरळ विचारा, सर्जन नाराज होतील म्हणून गप्प बसू नका.

झोळी म्हणजे बांधून विसरून जाणं नाही पण. बोटं, मनगट लगेच हलवायला लावा, कोपरही डॉक्टरांना विचारून, नाहीतर सगळा हात आखडतो. रात्री पाठीला उशा देऊन अर्धवट बसतं झोपवा, काखेत कापडाची घडी ठेवा, घामाने कातडी सोलते. खांद्याचे व्यायाम कधी सुरू करायचे ते फिजिओ सांगेल, ते रोज कोण करवून घेणार हे मात्र फोनवरून सल्ले देणाऱ्यांसमोर आत्ताच ठरवून घ्या.